तेरपासून सुरुवात करा

आपण अध्यापक महाविद्यालयात नव्याने रुजू झाला आहात, म्हणून एक आग्रहाची सूचना करतो: सामाजिक शास्त्रांच्या भावी शिक्षकांना जगाचा नकाशा दाखवण्याआधी धाराशिव जिल्ह्यातील तेर गावच्या वस्तुसंग्रहालयात न्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणचे मौल्यवान दगड आणि तगरचे, म्हणजे याच तेरचे, कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. ते कापड कोणी विणले आणि त्याचा नफा कोणाच्या पदरी पडला, हे प्रश्न विद्यार्थ्यांनीच काढावेत. आपण उत्तराची घाई करू नये, हे मला फार उशिरा उमगले. त्यानंतर लातूरच्या आडतीवर सोयाबीनच्या भावाचा ब्राझीलमधील पिकाशी असलेला संबंध त्यांना स्वतः शोधू द्या.