आठवडी बाजाराचं चित्र काढताना
थेट मोठ्या कागदाला हात घालू नकोस. आधी काडेपेटीएवढ्या 6 चौकटी आख, प्रमाण मोठ्या कागदाचंच. प्रत्येकीत छटा फक्त 3: पांढरी, करडी, काळी. डोळे बारीक करून बघ; भाजीवाली आणि मागची ताडपत्री एकच डाग दिसली की ती चौकट बाद.

निवडलेली चौकट कार्ट्रिज कागदावर (चित्रकलेचा जाडसर कागद) एचबी पेन्सिलीने अगदी हलकी उतरव. दाबून काढलं की खोडताना कागदाचे तंतू उठतात आणि तिथं शाई फुटते. शाई वॉटरप्रूफच घे, नाहीतर वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात, मारताच रेघा वाहतात. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात वॉश अर्ध्यातच वाळून कडा धरतो. कागद आधी ओला कर, रंग जास्तीचा कालवून ठेव.

वेरूळला 16 नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलास मंदिरात, बसायचं झालं तर नक्षी नंतर, आधी सावल्यांचे आकार. बहुतेक पोरं तिथंच फसतात.