छोट्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) केक वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. टोस्टर ओव्हनमध्ये चांगला केक खरंच होतो का?

हो, होतो. तुम्ही लिहिलंय की ओटीजी १८ लिटरचा आहे, भांडं ७ इंची, रेसिपीत होतं तसं १८० डिग्रीला ४० मिनिटं ठेवलंत, वर काळा पापुद्रा आला आणि सुरी घालून पाहिली तर मध्ये गिच्च पीठ. यावरून मिश्रणात काही चुकलंय असं वाटत नाही. गडबड वरच्या रॉडची आहे. घरोघरी छोट्या ओटीजीत हेच होतं, आणि मग ओव्हनच भिकार म्हणत लोक त्यात जन्मभर पाव भाजत बसतात.

मोठ्या ओव्हनमध्ये केक आणि वरचा रॉड यांच्यात चांगलं वीतभर अंतर असतं. आपल्या खोक्यात केक फुगला की त्याचा माथा आणि लालबुंद रॉड यांच्यात जेमतेम तीन-चार बोटं उरतात. आतली हवा १८० ला असेलही, पण रॉड स्वतः त्याच्या कितीतरी पट तापलेला असतो आणि ती धग थेट केकच्या डोक्यावर येते. शिवाय थर्मोस्टॅट रॉड सारखा बंद-चालू करत असतो. दर वेळी रॉड लाल झाला की वरची बाजू आणखी भाजली जाते. तिथला पापुद्रा आधी पक्का होतो, आतलं मिश्रण अजून फुगायचं असतं, त्याला जागा मिळत नाही, मग ते माथा फोडून बाहेर येतं. केकचा मध्यभाग साधारण ९५ अंशांच्या पुढे गेला की तो शिजतो, आणि उष्णता तिथवर पोचायला वेळ लागतोच. तोवर वरच्या बाजूला वाचवणं हे छोट्या ओव्हनमधलं खरं काम.

त्याआधी ओव्हनची ओळख करून घ्या. साध्या पावाच्या स्लाइस जाळीवर एकीला एक लावून पसरा, १८० ला दोन्ही रॉड चालू ठेवून दहा मिनिटं भाजा आणि बाहेर काढून त्याच क्रमाने ओट्यावर मांडा. मागच्या बाजूच्या स्लाइस दाराजवळच्यांपेक्षा गडद निघतील, एखादा कोपरा जवळजवळ करपलेला असेल, दाराजवळची एखादी नुसतीच वाळलेली. उलटून खालची बाजूही बघा. वरून जास्त भाजतंय की खालून, ते तिथेच दिसतं. माझ्या ओटीजीचा मागचा उजवा कोपरा तापट आहे, म्हणून केक अर्ध्याहून जास्त झाला की मी भांडं अर्धं फिरवते. स्लाइस वाया जात नाहीत, चहाबरोबर संपतात.

दुसरी गोष्ट, डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. जाळीवर ठेवायचा काट्याचा ओव्हन थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो घ्या. डायल १८० ला आणि काटा २०५ ला, किंवा उलट १६० ला, असं सर्रास दिसतं. काटा सारखा वर-खाली होत राहील, त्याने घाबरू नका. रॉड बंद होतानाचा आकडा आणि पुन्हा चालू होतानाचा आकडा यांच्या मधला घ्या, तेच तुमच्या ओव्हनचं खरं तापमान. मग डायल किती फिरवायचा ते खडूने बाजूला लिहून ठेवलंत तरी चालेल.

आता प्रत्यक्ष केक. बहुतेक ओटीजींना रॉड निवडायचं बटण असतं: फक्त वरचा, फक्त खालचा, दोन्ही. ओव्हन दोन्ही रॉडवर तापवा, आणि केक आत गेला की फक्त खालचा ठेवा. शेवटची पाच-सात मिनिटं रंग येण्यापुरते दोन्ही. एवढ्या एका बदलाने तुमची निम्मी तक्रार मिटेल. बटण नसेल तर सगळ्यात वरच्या खाचेत रिकामा ट्रे सरकवून ठेवा, म्हणजे धग तो झेलेल. खाच एकच असेल तर पंचवीसेक मिनिटांनी, केकची साय धरली की, वर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाका. साय धरायच्या आधी टाकलीत तर ती चिकटून अख्खी साल घेऊन येते. फॉइल रॉडला टेकता कामा नये, आणि खालच्या चुऱ्याच्या ट्रेवर ती अंथरायचीही नाही. बटर पेपरच्या नावाने दुकानात जे मिळतं ते सगळंच ओव्हनमध्ये चालत नाही, पाकिटावर बेकिंगचं लिहिलेलं असेल तेच वापरा आणि भांड्याच्या कडेबाहेर आलेला कागद कापून टाका. रॉडला लागला तर पेटतो.

जाळी खालच्या खाचेत लावा, म्हणजे केकचा माथा साधारण ओव्हनच्या मध्यावर येतो. भांड्याभोवती सगळीकडून इंचभर मोकळी जागा हवी. तुमचं ७ इंची भांडं चालेल, पण ते मिश्रणाने निम्म्याहून थोडं वर, इतकंच भरा. उरलेल्या मिश्रणाचे कपकेक करा. मी तर छोट्या ओव्हनला पावाच्या आकाराचं लांबट भांडंच सुचवेन. साधं ॲल्युमिनियमचं उत्तम. काळं नॉनस्टिक भांडं जास्त उष्णता ओढतं, त्यात कडा लवकर लाल होतात, तेव्हा तापमान दहा डिग्रीने कमी. फॅन चालू असेल तर पंधरा-वीसने कमी.

तापवण्याच्या बाबतीत घाई करू नका. ओव्हन तापत असल्याचा बाहेरचा दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे फक्त हवा तापलेली असते, पत्रा अजून थंडच. दिवा विझून, लागून, पुन्हा विझू द्या. छोट्या ओव्हनचं दार उघडलं की सगळी गरम हवा एका झटक्यात निघून जाते, म्हणून मी १९० पर्यंत तापवते, केक पटकन आत सरकवते आणि मग डायल १६५-१७० वर आणते. तुमच्या रेसिपीत १८० असलं तरी छोट्या ओटीजीत १६५-१७० आणि दहा मिनिटं जास्त, हेच गणित बरोबर बसतं. कंडेन्स्ड मिल्कचा केक असेल तर आणखी खाली, १६० ला. त्यात दूध आणि साखर भरपूर, रंग फार लवकर चढतो.

दार पंचवीसेक मिनिटं उघडायचं नाही. काचेतून बघा, आत दिवा नसेल तर मोबाइलचा टॉर्च मारा. आधी कडा वर येतात, मधला भाग ओला चमकत असतो आणि खोक्याला नुसता धक्का लागला तरी हलतो. मग चमक जाते, मधला भाग वर येतो, कडा भांड्यापासून किंचित सुटतात. टूथपिक कोरडी निघाली पाहिजे, एखाद-दोन कण चालतील. आणखी एक जुनी खूण आहे: केक बाहेर काढून कान जवळ न्या. आत ओलावा असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते. जोरात चुरचुरत असेल तर परत आत, पाच मिनिटं.

सुरुवात कशाने करायची म्हणाल, तर रव्याच्या केकने. तो दाट असतो, फार उंच चढत नाही, वरच्या रॉडला भिडत नाही. बारीक रवा दीड वाटी, साखर एक वाटी, दही आणि दूध पाऊण-पाऊण वाटी, पातळ तूप किंवा तेल अर्धी वाटी, वेलची. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगून फार घट्ट झालं तर दुधाने सैल करा. अगदी शेवटी, ओव्हन तापल्यावर, सपाट चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून लगेच भांड्यात ओता. दही आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे त्याच क्षणी सुरू होतात, ते ओट्यावर संपवायचे नाहीत. म्हणूनच दही-सोड्याचं मिश्रण दोन घाण्यांत भाजता येत नाही. नुसत्या बेकिंग पावडरचं मिश्रण पहिला केक होईपर्यंत थांबतं, कारण तिचा बराचसा गॅस उष्णता लागल्यावर सुटतो.

अंड्याचा करायचा असेल तर वाटी-चमच्याचं माप बाजूला ठेवा आणि वजनकाटा काढा. आपल्याकडची अंडी लहान-मोठी असतात, परदेशी रेसिपीतली तीन अंडी म्हणजे आपली किती, हा प्रश्नच नको. तीन अंडी कवचासकट तोला. जे वजन भरेल तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा, आणि दीड चमचा बेकिंग पावडर. लोणी-साखर पांढरी होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला, मैदा मात्र हलक्या हाताने. मैदा पडल्यावर बीटर चालवत बसलात की केक रबरी होतो, त्याचा दोष कुठल्याच ओव्हनला देऊ नका.

नानकटाईला तर हा छोटा ओव्हन फारच बरा. पूर्वी दिवाळीच्या आधी तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत रांग लावायची आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायची, ती आता घाण्यागणिक घरी होते. तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, मैदा-बेसन मिळून दोन वाट्या, चिमूटभर सोडा. तूप थिजलेलं हवं. पातळ तुपाची नानकटाई ट्रेभर पसरते. ट्रे मधल्या खाचेत, १६० ला पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढताना ती मऊच लागेल, कच्ची समजून परत आत ढकलू नका, गार होताना खुसखुशीत होते. एका वेळी एकच ट्रे. दोन ट्रे एकावर एक लावले की वरच्याच्या माथ्याला आणि खालच्याच्या बुडाला सगळी धग, मधल्यांना काहीच नाही. बेक केलेल्या शंकरपाळ्यांबद्दल विचारू नका, त्या मला पटत नाहीत.

आणि ज्या वरच्या रॉडला इतका वेळ नावं ठेवली, त्याच्यासाठीच जणू केलेला एक पदार्थ आहे: गोव्याची बिबिंका. नारळाचं दाट दूध, अंड्याचे बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ, आणि भरपूर तूप. पारंपरिक पद्धतीत भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून एकेक थर वरून भाजतात. ओटीजीत तेच काम ग्रिलवर होतं. तळाला चमचाभर तूप, त्यावर पहिला थर दोन्ही रॉडवर पक्का करायचा, मग बटण फक्त वरच्या रॉडवर. पुन्हा तूप, पुन्हा पातळ थर, वर तपकिरी डाग पडेपर्यंत. असे सात थर म्हटले की संध्याकाळ जातेच, आणि मधे उठून जायची सोय नाही, कारण डाग पडणं आणि करपणं यांत मिनिटाचाच फरक. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायची नाही, थर सुटतात.

विजेचं एक राहिलं. १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो. म्हणजे त्याला १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट हवा, मोबाइल-मिक्सरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावू नका. मागे आणि बाजूला हातभर नाही तरी चार-पाच बोटं जागा सोडा, डोक्यावर प्लास्टिकचे डबे रचू नका. बिलाची फार काळजी नको, रॉड मधूनमधून बंद असल्यामुळे तासाभराच्या केकला दीड युनिटसुद्धा लागत नाही. चावीचा टायमर असेल तर तो आधी वीस मिनिटांच्या पुढे पिळून मग हव्या आकड्यावर मागे आणायचा, नाहीतर लहान वेळेला घंटी वाजेलच असं नाही.

तुमच्या ओटीजीला रॉड निवडायचं बटण आहे का आणि जाळीला खाचा किती आहेत, तेवढं खाली लिहा. एकच खाच असेल तर ७ इंचीऐवजी ६ इंची भांडं घ्या, त्यात मिश्रण उथळ ओता आणि पहिला केक रव्याचाच करा.