कोल्हापुरात उच्च सुरक्षेची विषाणू प्रयोगशाळा का नको?

प्रश्न : माकडतापाचे (गोचिडांमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य तापाचे) रुग्ण आढळलेला दोडामार्गचा परिसर आमच्या चंदगडला लागूनच आहे. मग पुण्यासारखी प्रयोगशाळा कोल्हापुरात का उभारू नये?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे; मात्र इमारत बांधणे हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग होय. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची पुण्यातील पाषाण येथील चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक, जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा २०१२ मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणी आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा सतत कमी ठेवावा लागतो, बाहेर जाणारी हवा ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळण्यांतून सोडावी लागते आणि सांडपाणीही निर्जंतुक करावे लागते. वर्षभरात एकही नमुना आला नाही, तरी ही यंत्रणा अहोरात्र चालूच राहते. त्यामुळे वीज, सुटे भाग, प्रशिक्षित अभियंते आणि नियमित तपासणी यांच्या खर्चाची तरतूद पायाभरणीपूर्वीच व्हायला हवी. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, हे आपले जुनेच दुखणे!

शिवाय जागेचा प्रश्न आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने शहराचे काय केले, हे आपणांस सांगायला नको.

निदानासाठी चौथा स्तर अनिवार्य नसतो. नमुन्यातील विषाणू योग्य रीतीने निष्क्रिय केल्यावर पीसीआर चाचणी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) दुसऱ्या स्तराच्या प्रयोगशाळेतही करता येते. माझ्या मते जिल्ह्याने आधी तीच व्यवस्था आणि तिहेरी वेष्टनातून नमुने पुण्याला पाठवण्याची सोय भक्कम करावी.