हरकत नेमकी कोणाची?

सातारा जिल्ह्यातून एका निवृत्त सहाय्यक फौजदारांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी पोलीस शिपाई आहे. उपनिरीक्षकपदाच्या खात्यांतर्गत मर्यादित परीक्षेत ती दीड गुणाने राहिली. पेपरातले तीन प्रश्न अन्यायकारक होते, असं वडिलांचं म्हणणं. वकिलांना पंचवीस हजार आगाऊ देऊन झालेत, आमदारांचं पत्रही मिळणार आहे. आता मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जावं की थेट हायकोर्टात, असं ते विचारतात.

काका, तुमच्या चार पानी पत्रात मुलगी काय म्हणते, याची एक ओळही मला सापडली नाही. "माझ्या खांद्यावर एकच स्टार राहिला, तिच्या खांद्यावर दोन बघायचेत," हे मात्र तुम्ही दोनदा लिहिलंय. त्यामागची तळमळ मला कळते. पण अर्ज तिच्या नावाने जाईल, सही तिची लागेल आणि तारखांना रजा तिला मागावी लागेल.

तिने काहीच केलं नाही, असं तुम्ही लिहिता. ते खरं नाही, आणि त्याचा पुरावा तुम्हीच पाठवलाय. तिच्या वहीच्या पानाच्या फोटोत तीन प्रश्नांचे क्रमांक आहेत. पहिल्यापुढे तिने 'हरकत भरली' असं लिहून तारीख टाकली आहे. ही तारीख गणपती बंदोबस्तातली, म्हणजे तिने दोन ड्यूट्यांच्या मधे कधीतरी मोबाइलवरून उत्तरतालिकेवर हरकत भरली असणार. दुसऱ्यापुढे 'अवघड, पण बरोबर' आणि तिसऱ्यापुढे 'मी चुकले'. काका, तुम्ही आयुष्यभर पंचनामे लिहिलेत. घरातला हा कागद नीट वाचायचा राहून गेला का?

प्रश्न अवघड असणं, अभ्यासक्रमाच्या कडेचा असणं वेगळं आणि उत्तरतालिकेतलं उत्तर चुकीचं असणं वेगळं. कोर्टात चालतं ते दुसरं. कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं, की तालिका बरोबर आहे असंच धरलं जाईल. ती चूक असल्याचं उघड दिसलं पाहिजे, ओढूनताणून सिद्ध केलेलं चालणार नाही. त्या खटल्यात विद्यार्थी जिंकले, कारण पाठ्यपुस्तकं त्यांच्या बाजूने होती. त्याच न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या रणविजय सिंह निकालाने तर शंका असेल तिथे फायदा परीक्षा घेणाऱ्यांना दिला. तिच्या पहिल्या हरकतीत दम आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्या कलमाखाली नोंदवतात, एवढंच विचारलं. कायद्याचं नाव दिलं नाही. पर्यायांत १५४ही आहे आणि १७३ही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच काम कलम १७३ करतं. परीक्षा त्यानंतरची, तरी अंतिम तालिकेत १५४च राहिलं. हा मुद्दा अर्जात मांडताना क्लासच्या नोट्स किंवा गाइड जोडू नये, राजपत्रातला कायदाच जोडावा.

आता तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज. 'प्रश्न रद्द झाला की पोरगी लागली.' गणित करून बघा. तुम्ही लिहिल्याप्रमाणे प्रश्नाला दोन गुण आणि चुकलं तर अर्धा वजा. तिने १७३ लिहिलं, म्हणजे सध्या वजा अर्ध्यावर आहे. प्रश्न नुसता वगळला तर तिला तो अर्धा परत मिळेल आणि १५४ लिहिणाऱ्यांचे दोन जातील, म्हणजे या प्रश्नापुरते सगळे सारखे. सगळ्यांना पूर्ण गुण दिले, तर तिचे अडीच वाढतील, पण चुकलेल्या प्रत्येकाचेच वाढतील आणि या प्रश्नापुरते पुन्हा सगळे सारखेच. तालिका बदलून १७३ बरोबर ठरलं, तरच या प्रश्नात तिला १५४ लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळतात. तेव्हाही १७३ लिहिणारे सगळे तिच्याबरोबर वर येतात आणि कटऑफ हलतो. म्हणून 'रद्द करा' नको, 'उत्तर दुरुस्त करा' अशी मागणी हवी. वकिलांनी हा फरक तुम्हाला समजावला नसेल, तर मला त्यांची काळजी वाटते.

थेट हायकोर्टात जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या चंद्रकुमार निकालापासून सेवेच्या बाबतीत आधी न्यायाधिकरण. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे त्याची खंडपीठं आहेत. अंतिम आदेशापासून साधारण वर्षाची मुदत असते, त्यामुळे उद्याच धावायची गरज नाही.

आमदारांच्या पत्राचा विषय आजच बंद करा. सेवेच्या बाबतीत बाहेरचं वजन आणायला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये मनाई आहे. पत्र तुम्ही आणाल आणि खुलासा तिला द्यावा लागेल. तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला हे मी सांगावं लागतंय, याचं वाईट वाटतं.

तिच्या पुढच्या साप्ताहिक सुट्टीला तो वहीचा कागद तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, "पहिल्या प्रश्नासाठी लढायचंय का तुला?" हो म्हणाली तर तो एकच प्रश्न घेऊन जा, बाकीचे दोन अर्जात घुसडू नका; कमकुवत मुद्दे चांगल्या मुद्द्याला खाली ओढतात. नको, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करते म्हणाली, तर वकिलांकडून उरलेली फी मागून घ्या आणि ती अभ्यासाला बसेल तेव्हा तिच्या पोराला तुम्ही सांभाळा. पुढचं पत्र मात्र तिने लिहावं. दोन ओळींचं असलं तरी चालेल.