बांधलेलं नरकायुष्य सुटतं का?

प्रश्न : श्रेणिक राजा भगवान महावीरांचा भक्त, क्षायिक सम्यक्त्वी, म्हणजे कधीही न ढळणारी खरी श्रद्धा लाभलेला. तरीही तो नरकात गेला, असं प्रवचनात ऐकलं. मग सम्यक्त्वाचा उपयोग काय झाला?

उत्तर : फार मोठा झाला. तो कळायला आयुकर्माची, म्हणजे पुढच्या भवाचं आयुष्य ठरवणाऱ्या कर्माची, रीत पाहावी लागते. जैन मतात नरकात धाडणारा ईश्वर नाही, पापपुण्य लिहून ठेवणारा चित्रगुप्त नाही. बाकीची सात कर्मं जीव क्षणोक्षणी बांधतो. पुढच्या भवाचं आयुष्य मात्र ठरावीक वेळीच बांधलं जातं. आयुष्याचे दोन भाग सरून तिसरा उरला की पहिली वेळ येते. तेव्हा बंध झाला नाही, तर उरलेल्याचे पुन्हा दोन भाग सरल्यावर. 81 वर्षं जगणाऱ्या माणसाला या वेळा 54, 72, 78, 80 अशा येतात. अशा आठ संधी. त्याही हुकल्या तर अखेरच्या अंतर्मुहूर्तात (48 मिनिटांहून कमी काळात) बंध होतोच. नेमकी वेळ आपल्याला ठाऊक नसते, म्हणून परिणाम, म्हणजे मनातले भाव, सतत सांभाळायचे. बहुत आरंभ आणि बहुत परिग्रह, म्हणजे अमर्याद हिंसक उद्योग आणि धनाची आसक्ती, हे नरकायुष्याचं मुख्य कारण.

एकदा बांधलेली गती बदलत नाही; मुदत मात्र कमी होऊ शकते. दिगंबर कथेनुसार श्रेणिकाने यशोधर मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि सातव्या नरकाचं 33 सागरोपम आयुष्य बांधलं. पुढे सम्यक्त्व झालं. सम्यक्त्वासह मरणारा जीव पहिल्या पृथ्वीखाली (नरकाच्या सात थरांना पृथ्वी म्हणतात) जन्मत नाही, म्हणून रत्नप्रभेतली, म्हणजे पहिल्या पृथ्वीतली, 84,000 वर्षं उरली. एका सागरोपमातच असंख्य वर्षं असतात. त्यापुढे हा काळ किती थोडा!

वर येण्याचा हिशेबही पाहा. सातव्या पृथ्वीतून निघालेला जीव तिर्यंचच (पशुपक्षी वगैरे) होतो. सहावीतून मनुष्य होईल, पण मुनी नाही. पाचवीतून मुनी होईल, पण त्या भवात मोक्ष नाही. चौथीतून मोक्षही मिळेल, पण तीर्थंकरपद नाही. नरकातून येऊन तीर्थंकर होतो तो पहिल्या तीनपैकी एखादीतून आलेला. श्रेणिकाचा जीव पुढच्या चोविशीतला, म्हणजे येणाऱ्या 24 तीर्थंकरांतला, पहिला तीर्थंकर होणार आहे.

प्रश्न : 84 लाख योनी आणि 84 लाख नरकबिलं एकच का?

उत्तर : नाही, आकडा तेवढा जुळतो. बिलं म्हणजे नारकींची राहण्याची ठिकाणं : पहिल्या पृथ्वीपासून 30, 25, 15, 10 आणि 3 लाख, सहावीत 99,995 आणि सातवीत फक्त 5. योनी म्हणजे जन्माची ठिकाणं, ती सर्व जीवांची. त्यांतल्या नारकींच्या 4 लाख, मनुष्यांच्या 14 लाख.

प्रश्न : सातही नरकांत आगच असते का?

उत्तर : पहिल्या चार पृथ्व्या आणि पाचवीचा वरचा भाग उष्ण. पाचवीच्या खालच्या भागापासून सातवीपर्यंत भयंकर थंडी. असुरकुमार देव छळायला येतात ते तिसरीपर्यंतच; त्याखाली नारकी एकमेकांनाच छळतात.