सात महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर कसं निवडावं?
सगळ्यात आधी माणसं मोजा. एका ताईकडे तीन-चारांपेक्षा जास्त तान्ही बाळं असतील तर ते पाळणाघर सोडा. रंगीत भिंती, एसी, कॅमेरे हे सगळं नंतरचं. ताई वारंवार बदलतात का, हेही विचारा. या वयात बाळ नुकतंच माणसं ओळखायला लागलेलं असतं, रोज नवा चेहरा त्याला झेपत नाही. दुपारी न कळवता एक चक्कर मारा: बाळांना पाठीवर झोपवलंय ना, डायपर बदलल्यावर हात साबणाने धुतात ना? आत येऊ देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

आणि तुमच्या ऑफिसात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. एचआरला लेखीच विचारा.