गेम सुरू केला की कॉम्प्युटरमधून बारीक चिर्र आवाज का येतो? बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. घरघर येत असेल तर ती पंख्याची. नागपुरात मे महिन्यात खोलीच तापलेली, वर आपण कॅबिनेट कूलरसमोर ठेवतो. कूलरच्या दमट हवेत धूळ हीटसिंकच्या (चिपची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत चिकटून बसते आणि पंखा ऊर फुटेस्तोवर फिरतो. कॅबिनेट बाजूला घ्या, बंद करून ब्रशने धूळ काढा. विषय संपला.

चिर्र आवाज मात्र वेगळा. ग्राफिक्स कार्डाला १२ व्होल्ट मिळतात, चिपला लागतो साधारण १ व्होल्ट. ते उतरवणारे मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. इतकी वारंवारता कानाला ऐकू येत नाही, आपली मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास. पण गेममध्ये प्रत्येक फ्रेमगणिक, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक, कार्डावरचा लोड वर-खाली होतो, तसा या मॉस्फेटना जोडलेल्या कॉइलमधला (तारेच्या गुंडाळीतला) प्रवाहही. चुंबकीय बलाने तारेचे वेढे आणि गाभा किंचित थरथरतात, आणि ही थरथर ऐकू येते. सिरॅमिक कपॅसिटरही (वीज साठवणारे छोटे भाग) व्होल्टेज बदललं की सूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतात, त्यांचाही थोडा हातभार.

पडताळून बघायचंय? गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) ६० वर बांधून टाका. सूर बदलला किंवा आवाज दबला, तर कॉइलच.

हार्ड डिस्कमधून टक्-टक् येऊ लागलं तर मात्र आधी बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर. आणि शिकायच्या उत्साहात एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) उघडू नका राजेहो! प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.